लस आणि पक्षाघात: 'नंतर' आणि 'मुळे' यांतील फरक

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला
• लसीनंतर झालेला पक्षाघात लसीमुळेच झाला का, हे तपासण्याची पद्धत सांगता येईल;
• अपेक्षित रुग्णसंख्या साध्या गणिताने काढता येईल;
• संसर्ग, लस आणि रक्ताची गुठळी यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• पक्षाघाताची लक्षणे दिसताच काय करावे, हे सांगता येईल.

१. प्रस्तावना

तंजावरहून दक्षिणेला पट्टुकोट्टईच्या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर गेले की ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्तांबाळ छत्र बांधले. वाटसरूला अन्न आणि आजाऱ्याला आसरा देणे हा अशा छत्रांचा हेतू होता. आज आपण याच गावाचे उदाहरण घेऊन सार्वजनिक आरोग्यातील एक प्रश्न सोडवू.

प्रश्न असा. एखाद्याने सोमवारी लस घेतली आणि बुधवारी त्याचा उजवा हात लुळा पडला, तर घरातले लोक काय म्हणतील? 'लस घेतली आणि झटका आला.' हे वाक्य घटनाक्रम म्हणून खरे आहे. पण ऐकणारा त्यात 'म्हणून' हा शब्द आपल्या मनाने घालतो. 'नंतर' आणि 'मुळे' यांतील हे अंतर कसे मोजायचे, हाच या पाठाचा विषय आहे.

२. पक्षाघात म्हणजे काय?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बिघडून तेथील पेशी मरू लागतात, तेव्हा पक्षाघात होतो. बोलीभाषेत त्याला लकवा, अर्धांगवायू किंवा पॅरालिसिसचा झटका म्हणतात. त्याचे तीन प्रकार लक्षात ठेवा.

(अ) धमनी बंद पडणे. गुठळीमुळे रक्त पुढे जात नाही. बहुतेक पक्षाघात या प्रकारचे असतात.
(आ) रक्तस्राव. रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त पसरते.
(इ) मेंदूतील शिरेत गुठळी होणे. येथे रक्त येण्याची वाट मोकळी असते, पण परत जाण्याची वाट तुंबते. हा प्रकार दुर्मिळ आहे. तरीही लसीच्या चर्चेत तोच महत्त्वाचा ठरला.

उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण आहे. मधुमेह, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके आणि वाढलेले कोलेस्टेरॉल ही त्यानंतरची कारणे होत.

३. योगायोगाचे गणित

भारतातील वेगवेगळ्या पाहण्यांनुसार दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १०५ ते १५२ जणांना नव्याने पक्षाघात होतो. आपण सोयीसाठी १३० हा आकडा घेऊ.

समजा, ओरत्तनाडु आणि आसपासच्या गावांतील १ लाख लोकांना लस दिली आणि त्या लसीचा पक्षाघाताशी काहीही संबंध नाही. तरीही पुढच्या २८ दिवसांत किती पक्षाघात दिसतील?

१३० × २८ ÷ ३६५ = सुमारे १०

म्हणजे लसीऐवजी साधे पाणी टोचले असते तरी चार आठवड्यांत दहा घरांत हा आघात झाला असता. पहिल्या तीनच दिवसांचा हिशेब केला (१३० × ३ ÷ ३६५), तर साधारण एक घर निघते. त्या एका घरासाठी तो योगायोग नसतो, ती आपत्ती असते. गावातही तीच घटना सर्वांच्या तोंडी होते. लस घेऊन ठणठणीत राहिलेल्या हजारो लोकांची बातमी मात्र होत नाही.

याला 'अपेक्षित संख्या' म्हणतात. प्रत्यक्ष दिसलेली संख्या अपेक्षित संख्येपेक्षा लक्षणीय जास्त असेल, तरच संशयाला आधार मिळतो. लस प्रथम वृद्धांना दिली, तर त्या गटातील अपेक्षित संख्या मुळातच जास्त असते, हेही विसरू नका.

४. तमिळनाडूतील एक गाजलेले उदाहरण

तमिळ चित्रपटांतील लोकप्रिय विनोदी अभिनेते विवेक यांनी १५ एप्रिल २०२१ रोजी चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात कोव्हॅक्सिनची लस घेतली आणि लोकांनाही ती घेण्याचे आवाहन केले. दुसऱ्या दिवशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि १७ एप्रिलला त्यांचे निधन झाले. राज्यभर लसीविषयी भीती पसरली. पुढे लसीकरणोत्तर दुष्परिणामांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय समितीने हा मृत्यू लसीमुळे नसून योगायोगाने त्या वेळी घडला, असा निष्कर्ष दिला. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांपुढे आला. भीती पसरायला एक दिवस पुरला, उत्तर यायला सहा महिने लागले.

हे उदाहरण हृदयविकाराचे असले तरी तर्क तोच आहे. अशी समिती प्रत्येक प्रकरण चार गटांपैकी एकात टाकते: लसीकरणाशी सुसंगत कारणसंबंध, अनिश्चित, योगायोग, आणि माहितीअभावी वर्गीकरण अशक्य. 'योगायोग' हा शब्द प्रकरण झटकून टाकण्यासाठी वापरलेला नसतो. दुसरे पुरेसे कारण सापडले, असा त्याचा अर्थ असतो.

५. संसर्ग झाल्यावर काय होते?

२००४ साली ब्रिटनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील डॉक्टरांकडील नोंदींतून पहिला पक्षाघात झालेल्या १९,०६३ व्यक्ती निवडल्या गेल्या. एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करण्याऐवजी त्याच माणसाच्या आयुष्यातील दोन काळांची तुलना केली. संसर्गानंतरचे किंवा लसीनंतरचे दिवस एका बाजूला, इतर सर्व दिवस दुसऱ्या बाजूला. या पद्धतीत प्रत्येक व्यक्ती स्वतःच स्वतःचे नियंत्रण असते. त्यामुळे वय, गरिबी, तंबाखूचे व्यसन, आनुवंशिकता अशा न बदलणाऱ्या किंवा हळू बदलणाऱ्या गोष्टींचा गोंधळ बराच कमी होतो.

निष्कर्ष दोन होते. श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३.२ पट झाला आणि पुढच्या आठवड्यांत हळूहळू उतरला. फ्लू, धनुर्वात किंवा न्यूमोकोकस यांच्या लसीनंतर मात्र धोका वाढलेला आढळला नाही.

असे का व्हावे? संसर्गात शरीरभर दाह होतो. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर चिडते, प्लेटलेट चिकट होतात, धमनीतील चरबीचा थर फुटू शकतो. ताप आणि कमी पाणी यांमुळे रक्त घट्ट होते. आजारपणात रक्तदाबाची गोळीही अनेकदा चुकते. लसीनंतरही थोडा दाह होतो, पण तो सहसा सौम्य आणि एक-दोन दिवसांचा असतो.

६. जिथे लस खरेच कारण होती

वरील विवेचनावरून 'लसीने कधीच काही होत नाही' असा निष्कर्ष काढाल, तर तो चुकीचा ठरेल.

मार्च २०२१ मध्ये युरोपात अॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर काही विचित्र रुग्ण दिसले. मेंदूच्या शिरांत गुठळ्या होत्या आणि त्याच वेळी रक्तातील प्लेटलेट कमी झालेल्या होत्या. या दोन गोष्टी एकत्र येणे अगदी असामान्य असते. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्डचे आंद्रेआस ग्राइनाखर आणि सहकाऱ्यांनी एप्रिल २०२१ मध्ये यंत्रणा दाखवली. काही लोकांच्या शरीरात 'प्लेटलेट घटक ४' या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, ती प्लेटलेटना चेतवतात, गुठळ्या होतात आणि त्यात प्लेटलेट खर्ची पडतात.

येथे कारणसंबंध का मान्य झाला? अपेक्षेपेक्षा जास्त रुग्ण होते. ते लसीनंतर साधारण ५ ते ३० दिवसांच्या ठरावीक काळात येत होते. आजाराचे रूप वेगळे ओळखता येत होते. आणि रक्ततपासणीत यंत्रणा दिसत होती. चारही पुरावे एकाच दिशेने गेले.

हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'कोविशील्ड' या नावाने बनवली. १७ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने जाहीर केले की समितीने तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ घटना कोविशील्डनंतर गुठळीच्या असू शकतात, आणि अशा घटनांच्या नोंदीचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१ आहे. त्याच निवेदनात ब्रिटनचे प्रमाण ४ आणि जर्मनीचे १० दिले होते. हा फरक काही अंशी खरा असेल, काही अंशी नोंदणीतला. जिथे मेंदूचे स्कॅन आणि प्लेटलेटची तपासणी सहज होत नाही, तिथे असा आजार कागदावर येतच नाही. आकडा वाचताना तो कोणत्या जाळीतून गाळून आला, हे विचारायला शिका.

७. दोन धोक्यांची तुलना

ऑगस्ट २०२१ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २.९ कोटी लसधारकांचा अभ्यास आला. मेंदूच्या शिरेतील गुठळीचे जादा रुग्ण दर १ कोटी लोकांमागे असे होते:

• अॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर: ७
• कोविडच्या संसर्गानंतर: २०

धमनी बंद पडून होणाऱ्या पक्षाघाताचे आकडे असे होते:

• फायझरच्या लसीनंतर: १४३
• कोविडच्या संसर्गानंतर: १,६९९

येथे एक सापळा आहे. लस घेणाऱ्या प्रत्येकाला लसीचा धोका पत्करावा लागतो. संसर्गाचा धोका मात्र संसर्ग झालेल्यालाच असतो. म्हणून संसर्ग होण्याची शक्यता किती, हे तिसरे पद गणितात हवे. भारतात जून-जुलै २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत लस न घेतलेल्यांपैकी ६२.३ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. म्हणजे लस न घेता इतक्यांना संसर्ग होऊन गेला होता. २० × ०.६२३ = सुमारे १२. हा आकडा ७ पेक्षा जास्तच राहतो. अर्थात लस सर्व संसर्ग थांबवत नाही आणि इंग्लंडचे आकडे येथे जसेच्या तसे लागू होतील असेही नाही. हा हिशेब दिशा दाखवण्यापुरता आहे.

वयानेही उत्तर बदलते. तरुणांना कोविडचा धोका कमी आणि या विशिष्ट गुठळीचा धोका तुलनेने जास्त होता. म्हणूनच ब्रिटनने मे २०२१ मध्ये चाळिशीच्या आतील निरोगी लोकांसाठी दुसरी लस सुचवली.

८. लस पक्षाघात टाळते का?

कॅनडातील अल्बर्टा प्रांतातील ४० लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात (२०२२) फ्लूची लस घेतलेल्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे २२ टक्के कमी आढळला. पण येथे सावध राहा. जो माणूस दरवर्षी आठवणीने लस घेतो, तो रक्तदाबाची गोळीही आठवणीने घेत असण्याची शक्यता असते. याला 'निरोगी लसधारकाचा पक्षपात' म्हणतात. संशोधकांनी गणिताने त्याची भरपाई केली, तरी तो पूर्णपणे निघून जातोच असे नाही. म्हणून 'लस पक्षाघात टाळत असावी' असे म्हणता येते, 'टाळतेच' असे नाही.

९. व्यवहारात काय करावे?

लसीनंतर अंग दुखणे, ताप येणे सामान्य आहे. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लसीची 'कणकण' नव्हे. कारण काहीही असो, लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन लागतो. ओरत्तनाडुहून तंजावरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोहोचण्याचा वेळही त्याच साडेचार तासांत मोजायचा आहे. 'लसीने झाले असेल, सकाळपर्यंत बघू' असे म्हणून रात्र काढली, तर ती संधी निघून जाते.

लसीनंतरच्या महिन्यात न थांबणारी तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे किंवा त्वचेवर बारीक लाल ठिपके दिसले, तर डॉक्टरांना लसीची तारीख आवर्जून सांगा. या गुठळीवर नेहमीचे हेपरिन टाळून वेगळे उपचार करावे लागतात.

आणि वर्षभर करायचे काम म्हणजे रक्तदाब मोजणे. ५ ऑगस्ट २०२१ पासून तमिळनाडू सरकारच्या 'मक्कळै तेडी मरुत्तुवम' योजनेत आरोग्यसेविका घरोघरी जाऊन रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना औषधे पोहोचवतात. पक्षाघात टाळण्यात या गोळीचा वाटा कोणत्याही लसीपेक्षा मोठा आहे.

१०. सारांश

लसीनंतर घडलेली प्रत्येक घटना लसीमुळे नसते आणि प्रत्येक तक्रार योगायोगही नसते. अपेक्षित संख्या, ठरावीक काळ, आजाराचे रूप आणि यंत्रणा या चार कसोट्यांवर घासूनच निर्णय करावा.

स्वाध्याय

१. दर लाखामागे वर्षाला १०५ हे प्रमाण धरून ५ लाख लोकांत ७ दिवसांतील अपेक्षित पक्षाघात काढा.
२. व्यक्तीची तुलना स्वतःशीच केल्याने कोणते गोंधळ टळतात? कोणता टळत नाही? (संकेत: ताप असताना कोणी लस घेत नाही.)
३. संसर्गाची शक्यता १० टक्केच असती, तर कलम ७ मधील दोन्ही तुलना कशा बदलल्या असत्या?
४. तुमच्या गावात लसीविषयी ऐकलेली एक गोष्ट घ्या आणि तिला चारही कसोट्या लावा.