नेव्हिल डिसोझा : एक विस्मृत फुटबॉलपटु

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता आमच्या शिरढोण गांवावरून जातो. भाताची कापणी झाली कीं, मोकळ्या झालेल्या शेतांत मुलें चेंडू खेळूं लागतात. या रस्त्याच्या एका टोकास ज्याचा जन्म झाला आणि दुसऱ्या टोकास ज्यानें नांव मिळविलें, अशा एका खेळाडूची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा आमचा हेतु आहे.

नेव्हिल डिसोझा यांचा जन्म १९३२ सालीं गोव्यांतील बारदेश तालुक्यांत आसगांव येथें झाला. गोवा त्या वेळीं पोर्तुगीज अमलाखालीं होता. पुढें मुंबईस टाटा स्पोर्ट्स क्लब व कॅल्टेक्स या संघांकडून ते खेळले. त्यांची जागा आघाडीच्या मध्यभागीं असे. सोबत्यांनीं पुढें आणलेला चेंडू क्षणार्धांत गोलांत घालणें, हें या जागेवरील खेळाडूचें मुख्य काम होय.

त्यांची थोरवी कळण्यास १९५२ सालचें हेलसिंकी येथील ऑलिंपिक आठवावें लागेल. तेथें युगोस्लाव्हियानें आपल्या संघास १०-१ असें हरविलें. आपले कित्येक गडी त्या थंड मुलखांत अनवाणी खेळले होते. या पराभवानंतर बूट घालून खेळणें सक्तीचें झालें. संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. चेंडू पायांत घोळवीत न बसतां चटकन् सोबत्याकडे द्यावा, असा त्यांचा आग्रह असे.

चार वर्षांनीं मेलबर्न येथें ऑलिंपिक भरलें. हंगेरीनें माघार घेतल्यामुळें आपणांस पहिली फेरी न खेळतांच ओलांडतां आली. १ डिसेंबर १९५६ रोजीं यजमान ऑस्ट्रेलियाशीं गांठ पडली. डिसोझा यांनीं ९ व्या, ३३ व्या व ५० व्या मिनिटास असे तीन गोल केले. एकाच सामन्यांत एकाच खेळाडूनें तीन गोल करणें यास हॅट्ट्रिक म्हणतात, आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्यें ती करणारे डिसोझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. चौथा गोल किट्टू यांनीं केला व भारतानें ४-२ असा जय मिळवून उपांत्य फेरी गांठली. आशियांतील कोणत्याही संघानें तोंपर्यंत ती गांठली नव्हती.

आतां समोर पुन्हां युगोस्लाव्हियाच होता. उत्तरार्धांत, ५२ व्या मिनिटास, पहिला गोल झाला, तो डिसोझा यांचाच! ज्यांनीं दहा गोल चढविले होते, त्यांच्यावर आपण आघाडी घेतली. ती दोनच मिनिटें टिकली. शेवटीं आपण ४-१ असे हरलों. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यांतही बल्गेरियानें ३-० असा विजय मिळविला. भारत चौथा आला आणि पदक थोडक्यांत हुकलें. तथापि त्या स्पर्धेंत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकीं चार, गोल करणाऱ्या तिघांत डिसोझा हे एक होते.

१९८० सालीं, पन्नाशीही न गांठतां, ते निवर्तले. पदक मिळविणाऱ्याचें नांव लोक जपून ठेवतात. चौथ्याचें नांव मात्र लवकरच पुसलें जातें. परंतु १०-१ असा पराभव झाल्यावर चार वर्षांनीं त्याच प्रतिपक्षावर आघाडी घेणें, ही प्रगति कोणत्याही पदकाच्या वजनानें मोजतां येणार नाहीं. परीक्षेंत एकदां सपशेल अपयश आलें म्हणून पुस्तक मिटूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यानें, आणि त्यास बोल लावणाऱ्या पालकांनींही, तीं दोन मिनिटें ध्यानांत ठेवावींत, इतकेंच आमचें सांगणें आहे.