ग्रामसभेचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत

ग्रामसभेत ठराव वाचून दाखविला जातो, लाभार्थ्यांची यादी वाचली जाते, खर्चाचा हिशेब मांडला जातो. हे सारे शेवटच्या रांगेतील स्त्रीपुरुषांना स्पष्ट ऐकू गेले, तरच त्यांना संमती देता येते किंवा हरकत घेता येते. अहिल्यानगर जिल्ह्याला ही गोष्ट निराळी सांगावयास नको. नगर तालुक्यातील हिवरे बाजार आणि पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या गावांच्या विकासात ग्रामसभेचा वाटा किती मोठा आहे, हे सर्वश्रुत आहे.

तथापि अनेक सभागृहांत आवाज मोठा येतो, पण शब्द कळत नाही. आकडा ‘सात’ होता की ‘साठ’, ‘वीस’ होता की ‘तीस’, याचा उलगडा होत नाही. मग अधिक शक्तीचा ध्वनिवर्धक किंवा आणखी एक कर्णा विकत घेण्याचा विचार पुढे येतो. असा खर्च करण्यापूर्वी दोष कर्ण्यात आहे की सभागृहात, हे मोजून पाहणे आवश्यक आहे. पूर्वी ही मोजणी तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेपुरती मर्यादित होती. आज संगणकावरील सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ती शाळेतील विज्ञान शिक्षकालाही करता येण्यासारखी आहे.

मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज

बोलण्यातील स्वर जोरकस असतात, व्यंजने मात्र दुबळी आणि क्षणिक असतात. अर्थाचा भेद बहुधा व्यंजनांवरच अवलंबून असतो. बंद जागेत ध्वनी भिंतींवर, छतावर आणि फरशीवर आदळून पुनःपुन्हा परततो. बोलणे थांबल्यावरही रेंगाळणाऱ्या या ध्वनीला निनाद म्हणतात. आधीच्या स्वराचा निनाद पुढच्या व्यंजनावर पसरला की शब्द बुजतो. ध्वनिवर्धकाची शक्ती दुप्पट केल्यास आवाज केवळ ३ डेसिबेलने वाढतो, आणि त्याबरोबर निनादही तितकाच वाढतो. म्हणजे खर्च होतो, पण स्पष्टता येत नाही.

या विषयाचा शास्त्रीय पाया अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांनी घातला. तेथील एका व्याख्यानगृहात बोललेले समजत नसे. १८९५ साली ते काम त्यांच्याकडे आले. रात्रीच्या शांततेत, ऑर्गनच्या नळीचा सूर आणि कालमापक एवढ्या साधनांनिशी, बैठकीच्या गाद्या कमीअधिक करीत त्यांनी निनादाचा काळ मोजला. ध्वनी ६० डेसिबेलने उतरण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्यास ०.१६१ ने गुणावे व एकूण ध्वनिशोषणाने भागावे, म्हणजे निनादकाल सेकंदांत मिळतो.

एक हिशेब

उदाहरणार्थ, १५ मीटर लांब, ९ मीटर रुंद व ४ मीटर उंच असे सभागृह घेऊ. घनफळ ५४० घनमीटर होते. गिलाव्याच्या भिंती, शहाबादी फरशी व काँक्रीटचे छत यांचे सरासरी शोषण ३ टक्के धरल्यास ते सुमारे १४ चौरस मीटर भरते. उघड्या दारेखिडक्यांचे १० मिळवून २४ होतात. निनादकाल सुमारे ३.६ सेकंद येतो. ६० माणसे बसली आणि दर माणशी ०.४ धरले, तर शोषण ४८ वर जाते व निनादकाल १.८ सेकंदांवर येतो. भाषणासाठी तो साधारण १ सेकंदाच्या आसपास असावा. ७० टक्के ध्वनी शोषणारे ४० चौरस मीटर आच्छादन लावल्यास तो सुमारे १.१ सेकंदांवर उतरतो. येथे नवा कर्णा लागलाच नाही.

मोजणी कशी करावी

हा हिशेब अंदाजाचा झाला. प्रत्यक्ष स्थिती मोजणीने कळते. त्यासाठी लॅपटॉप, सर्व दिशांनी सारखा ध्वनी टिपणारा मापन-मायक्रोफोन आणि सभागृहातील नेहमीची ध्वनिक्षेपण यंत्रणा एवढे पुरते. ‘रूम ईक्यू विझार्ड’सारखे सॉफ्टवेअर मूळ स्वरूपात विनामूल्य मिळते. ते कर्ण्यातून खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा काही सेकंदांचा ध्वनी सोडते. मायक्रोफोनने टिपलेला ध्वनी मूळ ध्वनीशी ताडून सभागृहाने त्यात काय भर घातली, हे ते गणिताने वेगळे काढते. ही पद्धत इटलीतील अँजेलो फारिना यांनी २००० साली मांडली.

मायक्रोफोन श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर ठेवावा. खुर्चीवर बसणाऱ्यासाठी ही उंची सुमारे १.२ मीटर असते, सतरंजीवर बसणाऱ्यासाठी त्याहून कमी. पुढे, मध्ये, मागे आणि स्त्रिया बसतात त्या बाजूला, अशा पाचसहा ठिकाणी मोजणी घ्यावी. एकदा पंखे बंद ठेवून व एकदा चालू ठेवून केवळ पार्श्वभूमीचा गोंगाटही नोंदवावा. वक्त्याचा आवाज या गोंगाटाहून सुमारे १५ डेसिबेल वर असणे इष्ट होय.

आलेखांचा अर्थ

पहिला आलेख कोणता सूर किती जोराने पोचतो ते दाखवितो. व्यंजनांची ओळख पटविणाऱ्या २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात मागच्या रांगेत मोठी घट दिसली, तर कर्ण्याची दिशा चुकलेली असण्याचा संभव असतो. एखाद्या सुरावर उंच टोक आढळल्यास शिट्टी वाजण्याचा धोका तेथेच असतो. तेवढा सूर कमी करता येतो. दुसरा आलेख निनादकालाचा. तिसरा आलेख ध्वनी केव्हा केव्हा पोचला ते सांगतो. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून एक कर्णा श्रोत्यापासून दुसऱ्यापेक्षा ३४ मीटर दूर असेल, तर त्याचा शब्द दशांश सेकंद उशिरा येतो आणि जोरदार असल्यास दुबार ऐकू येतो. उलगडा सोपा व्हावा म्हणून काही सॉफ्टवेअर ० ते १ असा वाक्-सुबोधता निर्देशांकही देतात. तो ०.६ च्या वर असल्यास चांगला, ०.४५ च्या खाली असल्यास असमाधानकारक समजावा.

अल्पखर्चाचे उपाय

प्रथम कर्ण्याचे तोंड भिंतीकडे वा छताकडे नसून श्रोत्यांकडे आहे, याची खात्री करावी. वक्त्याने मायक्रोफोनजवळून बोलावे. जाड घोंगड्या किंवा पडदे भिंतीपासून काही सेंटीमीटर अंतर सोडून टांगल्यास अधिक उपयोगी पडतात. खनिज लोकरीचे वा लाकडी लोकरीचे तक्ते अधिक टिकाऊ असतात. थर्मोकोल मात्र लावू नये. तो ध्वनी फारसा शोषत नाही आणि पेट चटकन घेतो. उपायानंतर त्याच जागांवर पुन्हा मोजणी करावी, म्हणजे खर्चाचे फळ आकड्यांत दिसते.

कायद्याची मर्यादा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० व ४० आहे. रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रीचा गणला जातो. कर्णा बाहेर लावून आवाज वाढविण्यापेक्षा सभागृह सुधारणे याही दृष्टीने हितावह ठरते. साध्या मोबाइलवरील डेसिबेलचा आकडा काही डेसिबेलने चुकू शकतो, म्हणून तक्रारीसाठी अधिकृत यंत्राचीच नोंद ग्राह्य धरावी.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याची प्रथा आहे. त्यापूर्वी एखाद्या सायंकाळी ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व वरच्या वर्गातील विद्यार्थी यांनी मिळून ही मोजणी केल्यास विद्यार्थ्यांना विज्ञानाचा प्रत्यक्ष पाठ मिळेल. ध्वनियंत्रणेच्या खरेदीचा प्रस्ताव सभेपुढे येईल तेव्हा त्यासोबत हे आलेख जोडावेत. मग कर्णा घ्यावा की घोंगड्या, याचा निर्णय गावाला पाहून, समजून घेता येईल.