कांद्याची पुरवठा साखळी

कांद्याची पुरवठा साखळी म्हणजे शेतातून निघालेला कांदा साठवण, लिलाव, प्रतवारी, वाहतूक आणि किरकोळ विक्री या टप्प्यांतून ग्राहकापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था होय. भारतात कांद्याला वर्षभर जवळपास सारखी मागणी असते. पीक मात्र ठराविक महिन्यांतच निघते. उन्हाळ्यात काढलेला कांदा पुढचे पीक येईपर्यंत टिकवणे आणि तो मागणीनुसार बाजारात आणणे हे या साखळीचे मुख्य कार्य आहे. महाराष्ट्र हे देशातील सर्वाधिक कांदा पिकवणारे राज्य असून नाशिक जिल्हा हे या व्यापाराचे प्रमुख केंद्र आहे.

हंगाम आणि मागणी

महाराष्ट्रात कांद्याची लागवड तीन हंगामांत होते. खरीप कांदा साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात निघतो. रांगडा म्हणजे उशिराच्या खरिपाचा कांदा जानेवारी ते मार्च या काळात येतो. रब्बी किंवा उन्हाळ कांद्याची काढणी मार्चअखेर ते मे या काळात होते. खरीप व रांगडा कांद्यात पाण्याचे प्रमाण अधिक असल्याने तो फार काळ टिकत नाही आणि लवकर विकावा लागतो. उन्हाळ कांदा चार ते सहा महिने टिकतो. देशाच्या एकूण उत्पादनात रब्बी पिकाचा वाटा निम्म्याहून बराच अधिक आहे.

जून ते ऑक्टोबर या काळात देशाची गरज प्रामुख्याने साठवलेल्या उन्हाळ कांद्यावर भागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जुना साठा संपत आलेला असतो आणि नवा लाल कांदा पुरेसा आलेला नसतो. या सुमारास अतिवृष्टीने खरीप पिकाचे नुकसान झाल्यास तुटवडा निर्माण होतो. दक्षिण व उत्तर भारतातील पुरवठ्यात कर्नाटक आणि राजस्थानातील खरीप कांद्याचाही वाटा असतो. त्यामुळे तेथील पावसाचा परिणाम नाशिकच्या भावावरही होतो.

साठवण

बहुतांश उन्हाळ कांदा शेतकऱ्यांच्या कांदाचाळींत साठवला जातो. चाळीचा तळ जमिनीपासून उंच ठेवतात, तळ आणि बाजूंच्या भिंती बांबू, लाकडी पट्ट्या किंवा जाळीच्या असतात आणि हवा खेळती राहावी म्हणून ढिगाची उंची मर्यादित राखतात. काढणीनंतर कांदा पातीसह शेतात सुकवून, नंतर मान ठेवून पात कापल्यास तो अधिक टिकतो. चाळ उभारण्यासाठी शासनाकडून अनुदान दिले जाते.

साठवणीत कांद्याचे वजन घटते, काही कांदा सडतो आणि काहीला कोंब फुटतात. सहा महिन्यांच्या साठवणीत एक चतुर्थांश किंवा त्याहून अधिक माल वाया जाऊ शकतो. कांदा सुमारे ० ते २ किंवा २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात चांगला टिकतो; मधल्या तापमानात कोंब लवकर फुटतात. शीतगृहातून बाहेर काढलेल्या कांद्यालाही लवकर कोंब येतात आणि वीजखर्चही मोठा असतो. त्यामुळे शीतगृहांचा वापर मर्यादित राहिला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगाव येथे किरणोत्सर्ग प्रक्रिया केंद्र उभारले आहे. गॅमा किरणांच्या प्रक्रियेने कोंब फुटणे थांबते. वजनातील घट व सड मात्र त्यामुळे टळत नाही.

बाजार आणि वाहतूक

शेतकरी ट्रॅक्टर किंवा पिकअपमधून सुटा कांदा बाजार समितीत आणतात. निफाड तालुक्यातील लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या प्रमुख बाजारपेठा आहेत. प्रत्येक वाहनातील माल पाहून व्यापारी प्रतिक्विंटल बोली लावतात. खरेदी झालेला माल व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर नेऊन त्याची आकारानुसार प्रतवारी होते. लहान आकाराच्या कांद्याला गोल्टी म्हणतात. गोण्यांत भरलेला कांदा रस्ता व रेल्वेमार्गे वाशी, दिल्लीतील आझादपूर आणि इतर बाजारांत जातो. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी देशातील पहिली किसान रेल्वे सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये राखीव साठ्यातील सुमारे १,६०० टन कांदा नाशिकहून दिल्लीला रेल्वेने पाठवण्यात आला.

भावातील चढउतार

भाव वाढला तरी घरोघरी कांद्याचा वापर फारसा कमी होत नाही. म्हणून पुरवठ्यात थोडी घट झाली तरी भाव मोठ्या प्रमाणात वाढतो आणि आवक थोडी अधिक झाली तरी तो कोसळतो. रोपे तयार होण्यास सहा ते आठ आठवडे आणि लागवडीनंतर पीक निघण्यास आणखी तीन-चार महिने लागतात. चढा भाव पाहून अनेकांनी एकाच वेळी लागवड वाढवली, तर तो कांदा बाजारात येईपर्यंत भाव उतरलेला असतो. पुढील हंगामात लागवड घटते आणि पुन्हा तुटवडा येतो. अर्थशास्त्रात या चक्राचे स्पष्टीकरण कॉबवेब सिद्धान्ताने केले जाते.

शासकीय हस्तक्षेप

२०१४–१५ मध्ये केंद्र सरकारने भाव स्थिरीकरण निधी स्थापन केला. त्यातून नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत रब्बी कांदा खरेदी करून तुटवड्याच्या काळात विकला जातो. साठ्यावर मर्यादाही घातली जाते. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्यांसाठी २५ टन आणि किरकोळ विक्रेत्यांसाठी २ टन अशी मर्यादा होती.

निर्यातीवरील निर्बंध हा वारंवार वापरला जाणारा उपाय आहे. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी करण्यात आली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, त्यानंतर किमान निर्यातमूल्य आणि डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागू झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द करण्यात आले.

या उपायांवर शेतकरी संघटनांनी सातत्याने आक्षेप घेतले आहेत. साठवणीतील घट, चाळीचा खर्च आणि भाव पडण्याची जोखीम शेतकरी उचलतो. ती भरून निघण्याची वेळ आली की निर्बंध येतात, असा त्यांचा आक्षेप आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना कांदा परवडावा यासाठी हस्तक्षेप आवश्यक आहे, ही शासनाची भूमिका राहिली आहे. अचानक येणाऱ्या निर्बंधांच्या शक्यतेमुळे शेतकऱ्यांना माल किती काळ राखावा याचा अंदाज बांधणे कठीण जाते, आणि नियमित पुरवठ्याची खात्री न उरल्याने परदेशी खरेदीदार इतर देशांकडे वळण्याचा धोका असतो.

सुधारणेचे प्रयत्न

राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने ‘भीमा शक्ती’ आणि ‘भीमा किरण’ यांसारखे वाण विकसित केले आहेत. शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत एकत्रित साठवण व विक्री हाही एक मार्ग आहे. गुजरातमधील महुवा येथे कांदा निर्जलीकरणाचा उद्योग विकसित झाला असून तो प्रामुख्याने पांढऱ्या कांद्यावर आधारित आहे. अतिरिक्त आवकेचा काही भाग अशा प्रक्रियेकडे वळवता येतो. मात्र भारतीय ग्राहक मुख्यतः ताजा कांदाच वापरत असल्याने साठवणीचे महत्त्व कायम आहे.