मास्टर्स गोल्फ स्पर्धेचे प्रेक्षक

मास्टर्स ही अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा या शहरात दरवर्षी एप्रिलच्या पूर्वार्धात होणारी गोल्फ स्पर्धा होय. पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये ज्या चार स्पर्धा सर्वश्रेष्ठ मानल्या जातात, त्यांपैकी ही एक. उरलेल्या तिन्ही स्पर्धांचे मैदान दरवर्षी बदलते. मास्टर्स मात्र आरंभापासून ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लबच्याच मैदानावर खेळली जाते. त्यामुळे खेळाडूंइतकेच प्रेक्षकांचेही या भूमीशी नाते जडले आहे. प्रस्तुत लेखात स्पर्धेच्या निकालांपेक्षा ती प्रत्यक्ष पाहण्याची परंपरा, तिचे नियम आणि तेथे प्रवेश कोणाला मिळतो, कोणाला मिळत नव्हता, याची माहिती दिली आहे.

पूर्वपीठिका

बॉबी जोन्स या हौशी खेळाडूने १९३० साली एकाच वर्षात त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या आणि वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. क्लिफर्ड रॉबर्ट्‌स या गुंतवणूक व्यावसायिकाच्या साहाय्याने त्याने ऑगस्टा येथील एक जुनी रोपवाटिका विकत घेतली. ही रोपवाटिका मूळच्या बेल्जियमच्या बर्कमन्स घराण्याची होती. ॲलिस्टर मॅकेंझी या ख्यातनाम आरेखकाने जोन्ससह तेथे मैदान आखले. रोपवाटिकेचा वारसा आजही नावांतून टिकून आहे. अठराही होलना एकेका वृक्षाचे वा फुलझाडाचे नाव आहे : दहावा कॅमेलिया, तेरावा अझेलिया, अठरावा हॉली.

पहिली स्पर्धा मार्च १९३४ मध्ये झाली. ‘मास्टर्स’ हे नाव अधिकृतपणे १९३९ पासून रूढ झाले. महामंदीच्या त्या वर्षांत तिकिटे खपवण्यासाठी आयोजकांना खटपट करावी लागे, हे आज सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४३ ते १९४५ ही तीन वर्षे स्पर्धा झाली नाही. १९५६ साली तिचे दूरचित्रवाणीवर प्रथम प्रक्षेपण झाले आणि १९६६ साली तिकिटे प्रथमच आगाऊ संपली.

‘पेट्रन’ हा शब्द

या स्पर्धेत प्रेक्षकाला प्रेक्षक म्हणत नाहीत. ‘पेट्रन’, म्हणजे आश्रयदाता, असे म्हणतात. मराठी रंगभूमीवर श्रोत्यांना ‘रसिक मायबाप’ म्हणण्याची जी रीत आहे, तिच्याशी या शब्दाची जातकुळी जुळते. फरक एवढाच की येथे हा शब्द जवळजवळ सक्तीचा आहे. १९६६ साली जॅक व्हिटेकर या समालोचकाने प्रक्षेपणात गर्दीला ‘झुंड’ अशा अर्थाचा शब्द वापरला, तेव्हा क्लबच्या नाराजीमुळे त्याला पुढील काही वर्षे मास्टर्सच्या समालोचनापासून दूर राहावे लागले.

विजेत्याला मिळणाऱ्या प्रसिद्ध हिरव्या कोटाचा उगमही प्रेक्षकांशी निगडित आहे. १९३७ साली क्लबच्या सभासदांनी हे कोट घालण्यास सुरुवात केली, ती प्रेक्षकांना माहिती विचारायची असल्यास सभासद चटकन ओळखू यावा म्हणून. विजेत्याला कोट देण्याची प्रथा त्यानंतर, १९४९ साली सॅम स्नीडपासून पडली.

प्रवेशपत्रे

स्पर्धेचे चारही दिवस पाहण्याची मुभा देणारा बिल्ला आणि एका दिवसाचे तिकीट असे प्रवेशाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्रकार सामान्य माणसाला आज जवळजवळ अप्राप्य आहे. बिल्लाधारकांच्या यादीत नाव यावे म्हणून १९७२ साली प्रतीक्षायादी सुरू झाली. ती इतकी लांबली की १९७८ मध्ये बंद करावी लागली आणि २००० साली थोड्या काळापुरतीच पुन्हा उघडण्यात आली. बिल्ला धारकाच्या मृत्यूनंतर पती वा पत्नीकडे जातो, मुलांकडे मात्र जात नाही. त्यामुळे ऑगस्टातील कित्येक कुटुंबांत वडीलधाऱ्यांबरोबर दरवर्षी स्पर्धा पाहण्याची रीतही त्या पिढीसोबत संपते.

एका दिवसाच्या तिकिटांसाठी सोडत निघते. पुढील वर्षाच्या स्पर्धेसाठी आदल्या वर्षीच संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. अर्ज विनामूल्य असतो आणि परदेशस्थ व्यक्तीही तो करू शकते. नाव न निघाल्यास दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज. अनेक जण वर्षानुवर्षे तो करत राहतात. सोडतीत निघालेल्या तिकिटाची किंमत मात्र बेताची असते. २०२४ साली सरावाच्या दिवसासाठी १०० आणि स्पर्धेच्या दिवसासाठी १४० डॉलर असा दर होता. हेच तिकीट काळ्या बाजारात कित्येक पटींनी विकले जाते. अशी फेरविक्री क्लबला अमान्य आहे. उघडकीस आल्यास तिकीट रद्द होते आणि मूळ धारक आपला हक्क कायमचा गमावू शकतो. फेरविक्रीचे तिकीट घेऊन दूरदेशाहून आलेल्या माणसाला दारातूनच परतावे लागण्याचा धोका असतो. परदेशी वाचकाने हे विशेष लक्षात ठेवावे.

एकूण किती प्रेक्षक आले, हा आकडा क्लब जाहीर करत नाही.

आवारातील शिस्त

भ्रमणध्वनी आत नेण्यास पूर्ण बंदी आहे. कॅमेरा सोमवार ते बुधवार या सरावाच्या दिवसांतच चालतो. गुरुवारी स्पर्धा सुरू झाली की तोही चालत नाही. घरी निरोप द्यायचा असल्यास आवारात विनामूल्य दूरध्वनींची सोय केलेली असते. सोबत्याची चुकामूक होऊ नये म्हणून ‘एक वाजता अमुक झाडाखाली’ असे सकाळीच ठरवून ठेवावे लागते. चाळीस वर्षांपूर्वी जत्रेला जाणारी कुटुंबे हेच करत असत.

धावण्यास मनाई आहे. त्यामुळे सकाळी दारे उघडताच शेकडो प्रौढ माणसे, धावत नाही आहोत असे भासवत, जमेल तितक्या झपाझप पावले टाकत मोक्याच्या जागांकडे निघतात. हे दृश्य पाहण्यासारखे असते. हातात घडीची खुर्ची असते. तिला हात असता कामा नयेत असा नियम आहे. खुर्चीवर नावाची चिठ्ठी लावून ती आवडत्या ग्रीनपाशी ठेवायची आणि खुशाल दिवसभर मैदानभर हिंडायचे. जागा कोणी बळकावत नाही. रिकाम्या खुर्चीवर दुसऱ्याने बसावे, मालक आला की मुकाट्याने उठावे, हा तेथील संकेत. एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली पद्धत आणि ही पद्धत यांत तत्त्वतः अंतर नाही. मात्र येथे रुमालावरून भांडण होत नाही.

१९६७ साली बॉबी जोन्सने प्रेक्षकांच्या वर्तनाविषयी एक छोटे निवेदन लिहिले. ते प्रेक्षकांना दिल्या जाणाऱ्या पुस्तिकेत आजही छापले जाते. खेळाडूच्या चुकीवर टाळ्या वाजवणे अशोभनीय आहे, हा त्यातील मुख्य आग्रह. अन्य खेळांच्या प्रेक्षकांना तो जाचक वाटेल. गोल्फमध्ये मात्र खेळाडू एकाग्र होऊन उभा असताना शंभर पावलांवरचा खोकलाही ऐकू येतो.

मैदान

दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे हे मैदान पाहिलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो चढउतारांचा. पडद्यावर सपाट भासणारी जमीन प्रत्यक्षात चांगलीच डोंगराळ आहे. दहावा होल सुरुवातीपासून ग्रीनपर्यंत सुमारे ३० मीटर खाली उतरतो आणि अठरावा तेवढाच दमवत वर चढतो. एका खेळाडूमागे संपूर्ण फेरी चालायची, तर सात हजार यार्डांहून अधिक अंतर कापावे लागते. पायांत साधे, सवयीचे बूट असावेत, हा सर्वांत उपयोगाचा सल्ला.

मैदानाच्या सर्वांत खोल भागात रे नावाचा ओढा वाहतो. अकराव्या होलचा उत्तरार्ध, बारावा होल आणि तेराव्याचा पूर्वार्ध या टापूला हर्बर्ट वॉरन विंड या लेखकाने १९५८ साली ‘आमेन कॉर्नर’ असे नाव दिले. बारावा होल केवळ १५५ यार्डांचा, म्हणजे अठरांत सर्वांत आखूड. परंतु झाडांच्या शेंड्यांवरचा वारा आणि जमिनीवरचा वारा येथे एकमेकांशी जुळत नाहीत. चेंडू किंचित कमी पडला की उतारावरून ओढ्यात जातो. २०१६ साली आघाडीवर असलेल्या जॉर्डन स्पीथचे येथे दोन चेंडू पाण्यात गेले, अपेक्षित तीन फटक्यांऐवजी सात लागले आणि हातातली स्पर्धा निसटली.

या होलचे प्रेक्षकांच्या दृष्टीने वैशिष्ट्य असे की टीच्या मागे हजारोंची गर्दी असते, पण ओढ्यापलीकडच्या ग्रीनजवळ कोणालाही जाता येत नाही. खेळाडू पूल ओलांडून गेला की तो आणि त्याचा कॅडी एवढेच तेथे उरतात. ते काय बोलतात ते ऐकू येत नाही, चेंडू खळग्यात पडल्याचा आवाजही नाही. फक्त खेळाडूच्या खांद्यांवरून काय झाले ते कळते.

सहाव्या होलची टी उंचवट्यावर आहे आणि तिच्या उतारावर प्रेक्षक बसतात. चेंडू अक्षरशः त्यांच्या डोक्यांवरून जातो. पलीकडेच सोळावा होल असल्याने एका बैठकीत दोन ठिकाणचा खेळ दिसतो. प्रथम येणाऱ्याने सकाळी संपूर्ण मैदान पायी पाहून घ्यावे आणि दुपारी अशा एखाद्या जागी स्थिर व्हावे, हे बरे.

आवाज आणि फलक

हातात फोन नाही, मोठा दूरचित्रवाणी पडदा नाही. मग अन्यत्र काय चालले आहे हे कसे कळते? दोन मार्गांनी. पहिला आवाजाचा. पाइन वृक्षांच्या दाटीतून आणि दरीतून जल्लोष दूरवर पोहोचतो. तो कोणत्या दिशेने आला, केवढा होता, किती वेळ टिकला, यावरून जाणते प्रेक्षक कोणत्या होलवर काय घडले याचा अंदाज बांधतात.

दुसरा मार्ग म्हणजे हाताने चालवले जाणारे मोठे पांढरे फलक. अपेक्षेपेक्षा कमी फटके लागलेल्याचा आकडा लाल, जास्त लागलेल्याचा हिरवा; ही रीत १९६० पासून येथे रुळली. फलकामागचा माणूस जुना आकडा काढून घेतो तेव्हा समोरचा समुदाय गप्प होतो. रिकाम्या चौकटीत नवा आकडा बसला की कधी आरोळी उठते, तर कधी दीर्घ ‘अरेरे’. ही बातमी पाच मिनिटे शिळी असते, पण ती हजारो लोकांना एकाच क्षणी कळते.

सरावाचे दिवस

सोडतीत स्पर्धेच्या दिवसाऐवजी सरावाचा दिवस मिळाला म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. खेळाडू मोकळे असतात, छायाचित्रे घेता येतात आणि सोळाव्या होलवर प्रेक्षकांच्या आग्रहाखातर खेळाडू तळ्याच्या पृष्ठभागावरून चेंडू उडवत पलीकडे नेण्याचा प्रयत्न करतात. नदीकाठी चपट्या दगडाच्या भाकऱ्या काढण्याचाच हा प्रकार. बुधवारी नऊ होलच्या छोट्या मैदानावर एक हलकीफुलकी स्पर्धा होते. १९६० पासून चालत आलेल्या या स्पर्धेत खेळाडूंची लहान मुले पांढरे कपडे घालून कॅडी होतात. बुधवारी जिंकलेला खेळाडू त्याच आठवड्यात मास्टर्स जिंकल्याचे २०२५ पर्यंत एकदाही घडलेले नाही. म्हणून काही खेळाडू शेवटचा फटका मुद्दाम मुलाला मारू देतात असे विनोदाने म्हटले जाते.

खानपान

आवारातील खाद्यपदार्थांचे दर आश्चर्य वाटावे इतके कमी असतात. किसलेले चीज, मेयोनेज आणि लाल मिरचीचे गोडसर तुकडे यांचे पिमेंटो चीज सँडविच २०२४ साली दीड डॉलरला मिळत होते. ते शाकाहारी आहे. अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र मेयोनेजचा विचार करावा. वेष्टन हिरवे असते, जेणेकरून गवतावर पडले तरी पडद्यावर दिसू नये. स्मरणवस्तू मात्र स्वस्त नाहीत. त्या केवळ आवारातील दुकानातच मिळतात, त्यामुळे तेथील रांग पुष्कळदा खेळापेक्षा लांब असते.

प्रवेश कोणाला?

या शिस्तबद्ध, सुंदर आवाराचा इतिहास निष्कलंक नाही आणि त्याचा उल्लेख टाळून मास्टर्सचे वर्णन पुरे होत नाही. चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूने १९६७ आणि १९६९ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक मालिकेतील स्पर्धा जिंकल्या, तरी त्याला येथे कधीच निमंत्रण आले नाही. ली एल्डर हा १९७५ साली येथे खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. १९८२ पर्यंत खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते सर्व कृष्णवर्णीय असत. पुढच्या वर्षापासून स्वतःचा कॅडी आणण्याची मुभा मिळाली आणि ऑगस्टातील अनेकांचे ते काम गेले. पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये घेण्यात आला. १९९७ साली २१ वर्षांच्या टायगर वुड्‌सने बारा फटक्यांच्या आघाडीने विजेतेपद मिळवले, त्या दिवशी एल्डर प्रेक्षक म्हणून हजर होता. २०२१ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्याला स्पर्धेच्या मानाच्या प्रारंभासाठी सन्मानाने बोलावण्यात आले.

स्त्रियांना तिकीट काढून खेळ पाहता येत असे, सभासद मात्र होता येत नसे. मार्था बर्क यांनी २००२ साली याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा क्लबने माघार घेण्याऐवजी २००३ आणि २००४ अशी दोन वर्षे जाहिरातींविना प्रक्षेपण केले. कोंडोलीझा राईस आणि डार्ला मूर या पहिल्या दोन महिला सभासद २०१२ मध्ये झाल्या. २०१९ पासून महिलांची हौशी स्पर्धा सुरू झाली असून तिची अंतिम फेरी याच मैदानावर खेळली जाते.

भारतीय संबंध

जीव मिल्खा सिंग हा मास्टर्स खेळणारा पहिला भारतीय होय (२००७). त्यानंतर अर्जुन अटवाल, अनिर्बान लाहिरी आणि शुभंकर शर्मा यांनी येथे खेळ केला. भारतीय वंशाचा अमेरिकन खेळाडू साहित तिगाला २०२३ मध्ये पहिल्या दहांत आला. अटलांटा आणि ऑगस्टा यांमध्ये सुमारे २३० किलोमीटरचे अंतर आहे. त्यामुळे अटलांटा परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना सोडतीत नाव निघाल्यास पहाटे निघून रात्री घरी परतता येते. भारतातून जाणाऱ्याला मात्र सोडतीचा निकाल हाती आल्यावरच व्हिसा आणि मुक्काम यांच्या मागे लागणे श्रेयस्कर. स्पर्धेच्या आठवड्यात ऑगस्टातील निवासाचे दर अनेक पटींनी वाढलेले असतात.