जुना सर्व्हर आणि लघुउद्योगाचे भांडवल

वाराणसीच्या कुंज गल्लीतील साड्यांचा घाऊक व्यापार पिढ्यान्‌पिढ्या गादीवर बसून, वहीखात्याच्या आधारे चालत आला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना नोंदणीकृत खरेदीदारांसाठी ई-बीजक अनिवार्य झाले. वहीची जागा सर्व्हरने घेतली. परंतु वही जुनी होत नसे, सर्व्हर होतो.

समजा, एखाद्या पेढीने सहा वर्षांपूर्वी एक लाख रुपयांना सर्व्हर घेतला. प्राप्तिकरासाठी संगणकावर घटत्या मूल्याच्या पद्धतीने ४० टक्के घसारा मिळतो. सहा वर्षे पूर्ण दराने घसारा धरल्यास पुस्तकी मूल्य ४,६६६ रुपये उरते. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीतही सर्व्हरचे उपयुक्त आयुष्य सहा वर्षेच मानले आहे. तरीही यंत्र चालूच असते! येथे विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते. पुस्तकी मूल्य शून्याजवळ आले म्हणून यंत्र बदलावे असे नाही, आणि त्यावर लाख रुपये घातले म्हणून ते राखावे असेही नाही. तो बुडीत खर्च होय. निर्णय केवळ पुढील खर्चावर व्हावा : दुरुस्ती, कामाचा खोळंबा आणि माहिती नष्ट होण्याचा धोका.

यातील तिसरी बाब सर्वांत गंभीर आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार लेखे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. डिस्क निकामी झाली तर पेढीपाशी उधारीचा पुरावाही उरत नाही. म्हणून अंदाजपत्रकातील पहिला रुपया नव्या यंत्रावर नव्हे, तर अन्यत्र ठेवलेल्या प्रतीवर खर्चावा. आणि ती प्रत उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. बहुतेक जण नेमके हेच विसरतात.

मंदपणाचे कारण बहुधा जुनी फिरती डिस्क किंवा अपुरी स्मृती असते. सॉलिड स्टेट डिस्क बसवून अल्प खर्चात दोन-तीन वर्षे निभावता येतात. मात्र विंडोज सर्व्हर २०१२ सारख्या प्रणालीचे नियमित साहाय्य १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले; तेथे डिस्क बदलून सुरक्षा मिळत नाही.

क्लाउड सेवा घेतल्यास भांडवली खर्चाचे रूपांतर महसुली खर्चात होते. भांडवल माल-साठ्यासाठी मोकळे राहते, पण भाडे कायमचे मागे लागते. नवा सर्व्हर घेताना भरलेला १८ टक्के कर नियमित करदात्यास निविष्टी कर-जमा म्हणून परत मिळतो. आपसमेळ योजनेतील लहान व्यापाऱ्यास मात्र तो पूर्णपणे सोसावा लागतो.