हवेतली रांग

२००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणात परदेशातल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यायला मान्यता दिली. पडद्यावरची हजेरी ही हजेरीच, असं कायद्याने मानलं. त्या काळात ही यंत्रं बहुतेक ठिकाणी आयएसडीएनवर चालत. एका लाइनीत ६४ केबीपीएसचे दोन चॅनल, तीन लाइनी जोडल्या की ३८४ केबीपीएस. चित्र धुरकट, मान वळवली की चेहऱ्याचे चौकोन व्हायचे. पण त्या ३८४ वर दुसऱ्या कुणाचा हक्क नसायचा. कॉल एकदा लागला की मीटिंग संपेपर्यंत बहुधा टिकायचा.

नंतर वेग शेकडो पटींनी वाढला आणि ‘आवाज तुटतोय, परत बोला’ हे घरोघरी ऐकू येऊ लागलं. नेटवर्कच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: आपण सगळे एमबीपीएसच्या मागे लागलो, आणि कॉल मरत होते ते रांगेत उभे राहून.

वाय-फायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. जानेवारी २००५ मध्ये आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला, आणि पुढे एकेका मजल्यावर चार-चार राउटर आले. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या ऑफिसचा राउटर, ब्लूटूथचे हेडफोन, पँट्रीतला मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच. मेल दोन सेकंद उशिरा आली तर कुणाला कळत नाही. आवाजाला मात्र एका दिशेने दीडशे मिलिसेकंदांपलीकडे उशीर झाला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

या रांगेत आवाजाला पुढे घ्यायची सोय फार आधी झाली होती. २००४ पासून डब्ल्यूएमएम आलं: आवाज, व्हिडिओ, साधी कामं आणि मागे राहिली तरी चालतील अशी कामं, अशा चार रांगा. कागदावर उत्तम. प्रत्यक्षातली गंमत अशी, की तारेवरच्या नेटवर्कमध्ये आवाजाच्या पाकिटावर ४६ चा शिक्का मारतात, बायनरीत १०१११०. वाय-फायची बरीच उपकरणं त्यातले पहिले तीनच आकडे वाचत. १०१ म्हणजे ५, आणि ५ म्हणजे व्हिडिओची रांग. आवाजाची ६ पासून सुरू होते. म्हणजे शिक्का बरोबर, यंत्रं चांगली, आणि आवाज वर्षानुवर्षं चुकीच्या रांगेत. दोन्हीकडच्या शिक्क्यांचा मेळ कसा घालावा हे सांगणारा आरएफसी ८३२५ निघाला तो २०१८ मध्ये. आजही नवं ऑफिस लावताना हे तपासणारे थोडेच.

दुसरं दुखणं राउटरच्या पोटातलं. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास ते घरच्याच इंटरनेटवर पकडलं आणि ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं. मेमरी स्वस्त झाल्यावर कंपन्यांनी राउटरमध्ये मोठमोठे बफर घातले. कुणी फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की बफर तुंबतो आणि कॉलची पाकिटं त्यामागे अडकतात. उपाय २०१२ पासून आहे, कोडेल नावाचा. तरी लॉकडाऊनमध्ये काय झालं? झूमच्या मीटिंगांत रोज सहभागी होणाऱ्यांचा आकडा डिसेंबर २०१९ मधल्या १ कोटीवरून एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेला, मुंबई उच्च न्यायालयाची सुनावणी पडद्यावर आली, आणि कॉल अडकला की लोक १०० चा प्लॅन २०० चा करून घेत. एचडी कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, हे सांगून पाहिलं तर ‘तुम्हाला कमिशन नको का?’ असा चेहरा.

ऑफिसांतली कथा वेगळी नाही. लाखभराचा व्हिडिओ बार टीव्हीखाली बसवलेला, मागच्या लॅन पोर्टात धूळ, कारण ‘वायर दिसते’. अ‍ॅक्सेस पॉइंट फॉल्स सीलिंगच्या वर, एसीच्या पत्र्याच्या डक्टला चिकटून, कारण तोही दिसतो. टेबलाशी सिग्नल उणे ६७ डीबीएम तरी हवा. तिथे उणे ७८. अशा खोलीत पहिलं काम कनेक्शन वाढवणं नव्हे. जी वस्तू जागची हलत नाही तिला केबल द्यायची, लॅपटॉप आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर ढकलायचे, अ‍ॅक्सेस पॉइंट छताखाली आणून त्याची पॉवर कमी करायची. पॉवर कमी करा म्हटलं की क्लायंट हमखास दचकतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा ६०५ मेगाहर्ट्झ पट्टा परवानामुक्त झाला तेव्हा जागा खरी वाढली. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी मसुदा नियम निघाले ते मे २०२५ मध्ये. अमेरिकेने १२०० मेगाहर्ट्झ २०२० सालीच मोकळे केले होते. या पट्ट्याची लहर भिंतीपलीकडे फारशी जात नाही. त्यामुळे प्रत्येक मीटिंग रूमला स्वतःचा अ‍ॅक्सेस पॉइंट लागणार, आणि त्या प्रत्येकापर्यंत केबल. सध्या इंटिरिअरवाल्यांशी माझी भांडणं चालू आहेत ती त्या केबलच्या पाइपवरूनच.