उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही

जबलपूर : नमुना नोंदणी प्रणालीच्या 2020 च्या आकडेवारीनुसार, जन्मानंतर पहिल्या 28 दिवसांत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण देशात दर हजार जिवंत जन्मांमागे 20, तर मध्य प्रदेशात 31 होते. महाकोशलातील गंभीर नवजात बालकांना जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले जाते. अतिशय अपुऱ्या दिवसांची किंवा असाध्य जन्मजात व्यंग असलेली काही बालके सर्व प्रयत्नांनंतरही वाचत नाहीत. अशा वेळी उपशामक शुश्रूषेचे महत्त्व वाढते.

या शुश्रूषेत मृत्यू लांबवला जात नाही किंवा घाईने ओढवलाही जात नाही. वेदना शमवणे, ऊब देणे, ओठ ओलसर ठेवणे आणि अनावश्यक सुया टाळणे ही परिचारिकेची प्रमुख कामे असतात. बाळाला आईच्या कुशीत देणे, वडील व आजी-आजोबांना भेटू देणे आणि खोटी आशा न दाखवता सोप्या शब्दांत स्थिती सांगणे हेही तितकेच आवश्यक असते.

बाळ गेल्यानंतरही आईला पान्हा फुटतो. त्यामुळे होणाऱ्या वेदनांबाबत तिला मार्गदर्शन लागते. 1969 च्या कायद्यानुसार काही तासच जगलेल्या बाळाच्याही जन्माची आणि मृत्यूची नोंद बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगी 60 दिवसांची विशेष प्रसूती रजा देण्याचा आदेश सप्टेंबर 2022 मध्ये निघाला. शेतमजूर मातेला मात्र अशी रजा नाही; तिच्यासाठी परिचारिकेचा धीर अधिकच मोलाचा ठरतो.